मायनस दोन म्हणजे काय?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘संगणक आणि आजचा तरुण’ असा भलामोठा विषय दिला होता. त्यावर बोलण्याइतका माझा अधिकार नाही, म्हणून मी तो लहान करून घेतला आहे. इचलकरंजीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक जुना लॅपटॉप होता. त्यावर मी जेंटू नावाची लिनक्स बसवली. ती तीन वेळा अडली आणि तिन्ही वेळा मार्गी लागली. तेवढंच सांगते. त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

आधी घरची थोडी ओळख. माझे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या मुलांना जॉबर म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते, माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा एक गोष्ट पाहिली होती. बंद मागापाशी गेल्यावर अब्बा लगेच पाना हातात घेत नसत. आधी मागवाल्याला विचारत, “बंद पडायच्या आधी काय झालं? आवाज कसा आला?” मग एकच बोल्ट फिरवत, माग चालवून बघत, आणि मगच दुसऱ्याला हात लावत. तेव्हा मला वाटायचं, किती हळू काम करतात!

आता लॅपटॉपकडे येते. तो जुन्या बाजारातून घेतलेला. रॅम ४ जीबी. त्यावर विंडोज उघडेपर्यंत चहा व्हायचा. खरं सांगायचं तर साधी, तयार मिळणारी लिनक्स बसवली असती तरी आमचं काम भागलं असतं. पण मी तेव्हा बीएस्सीला होते आणि मला आत काय आहे ते बघायचं होतं. म्हणून जेंटू.

जेंटू म्हणजे काय? तयार शर्ट विकत घेणं आणि कापड घेऊन शिंप्याकडून मापाने शिवून घेणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. बहुतेक लिनक्समध्ये प्रोग्रॅम तयार शिवून येतात. जेंटूमध्ये मुख्यतः सोर्स कोड येतो, म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. तो तुमच्या मशिनवर, तुमच्या मापाने कंपाइल होतो. डॅनियल रॉबिन्स यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि २००२ साली त्याची १.० आवृत्ती आली. जेंटू हे एका पेंग्विनचं नाव आहे. पाण्याखाली सगळ्यात वेगाने पोहणारा पेंग्विन. आमच्या घरातला पेंग्विन मात्र पहिल्यांदा उभा राहायलाच तीन दिवस लागले.

शिंप्याला माप द्यायच्या जागा दोन. एक, ‘मेक डॉट कॉन्फ’ नावाची साधी मजकुराची फाइल. दुसरी, ‘यूज फ्लॅग’. यूज फ्लॅग म्हणजे हवं-नकोची यादी. आमच्या घरात प्रिंटर नाही, मग छपाईची सोय कशाला शिवायची? वजा चिन्ह लावून ‘कप्स’ लिहिलं, ती गेली. ब्लूटूथ नाही, तेही गेलं. दुसऱ्या बहुतेक यंत्रणांमध्ये हे निर्णय कुणीतरी आधीच घेतलेले असतात. आपल्याला ते दिसतही नाहीत. इथे ते समोर येतात आणि विचारतात, बाई, तुझं काय म्हणणं आहे?

आणि तिथेच पहिली गडबड झाली.

कुठल्याशा जुन्या सल्ल्यात वाचलं होतं की प्रोसेसर एका वेळी जितकी कामं करू शकतो त्यात एक मिळवून तो आकडा ‘मेक-ऑप्ट्स’मध्ये लिहावा. आमचा प्रोसेसर चार कामं करायचा, मी पाच लिहिलं. लहान प्रोग्रॅम झरझर झाले. वेबकिट नावाचा मोठा प्रोग्रॅम आला आणि लॅपटॉप गोठला. माउस हलेना. पाऊण तासाने पडद्यावर लाल अक्षरं आली आणि काम थांबलं. मी तेच काम पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच. असं मी चार वेळा केलं. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला होईल. का होईल? माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं. नुसती आशा होती.

पाचव्या वेळी लॉग उघडला. तो शेवटाकडून वरच्या दिशेने वाचायचा असतो, हे तेव्हा शिकले. शेवटची ओळ नुसती ‘काम फसलं’ एवढंच सांगते. कारण वर कुठेतरी पहिल्या चुकीपाशी असतं. तिथे लिहिलं होतं की कंपाइलरला ‘किल्ड’, म्हणजे मध्येच ठार केलं गेलं. कुणी केलं? मग ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली. त्यात कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आपल्या घडामोडी लिहून ठेवतो. तिथे स्पष्ट ओळ होती, ‘आउट ऑफ मेमरी’. मेमरी संपली, म्हणून कर्नलनेच कंपाइलरला मारलं.

जेंटूच्या हँडबुकात एक हिशोब दिलेला आहे. एका वेळच्या प्रत्येक कंपाइल-कामामागे साधारण २ जीबी रॅम धरा. आमची रॅम ४ जीबी, म्हणजे कामं दोन. मी पाच माणसांना दोघांच्या ताटावर बसवलं होतं. पाचाचे दोन केले. वेळ जास्त लागला, पण वेबकिट पूर्ण झालं.

मधे दोनदा वीज गेली. इचलकरंजीत ती जातेच. बॅटरी संपली, लॅपटॉप बंद. मला वाटलं सगळं बिघडलं. पण पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज सांभाळणारा प्रोग्रॅम, आधी वेगळ्या जागी सगळं शिवून घेतो आणि पूर्ण झाल्यावरच मूळ जागी नेऊन ठेवतो. अर्धवट शिवण यंत्रणेत येत नाही. ‘इमर्ज’ला ‘रिझ्यूम’ म्हणून सांगितलं की उरलेल्या यादीपासून काम पुढे सुरू होतं. अर्धवट राहिलेला प्रोग्रॅम तेवढा पहिल्यापासून करावा लागतो.

दुसरी अडचण अक्षरांची. ही खास आपल्या लोकांची आहे.

आमच्या अम्मी उर्दू पेपर वाचतात, मी मराठी. जेंटू उभी राहिली, ब्राउझर उघडला आणि दोघींच्याही पेपरच्या जागी चौकोन! ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. अम्मी म्हणाल्या, “तुझ्या यंत्राला आपली भाषा येत नाही वाटतं.” त्या हसत म्हणाल्या, पण मला लागलं. कारण सरळ होतं. जेंटूमध्ये तुम्ही मागितलं तेवढंच येतं, आणि देवनागरीचा किंवा उर्दूचा फाँट मी मागितलाच नव्हता. मीच माझी भाषा यादीत लिहायला विसरले होते.

फाँट मागवले. त्यांच्याबरोबर इतर गोष्टी आल्या आणि पोर्टेज अडून बसला. म्हणाला, इथे चक्र तयार झालंय. ‘फ्रीटाइप’ला आधी ‘हार्फबझ’ हवं, आणि ‘हार्फबझ’ला आधी ‘फ्रीटाइप’. लग्न झाल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरी झाल्याशिवाय लग्न नाही, तसला प्रकार. पण लाल अक्षरांच्या खाली पोर्टेजने उपायही सुचवला होता, आणि मी तो पहिल्यांदा वाचलाच नव्हता. एकदा फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधा, मग हार्फबझ बांधा, मग फ्रीटाइप पुन्हा हार्फबझसकट बांधा. तीन आज्ञा. चक्र सुटलं.

हे हार्फबझ काय आहे म्हणून मी शोधलं, आणि खूप आनंद झाला. फ्रीटाइप एकेका अक्षराचं चित्र काढतो. पण कुठली चित्रं, कुठल्या क्रमाने, कशी जोडायची हे हार्फबझ ठरवतो. ‘कि’ लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क-च्या आधी दिसायला हवी. ‘क्ष’ जोडाक्षर व्हायला हवं. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगळं दिसतं. हा सगळा हिशोब हार्फबझ करतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळीकडे तो आहे. तुमच्या खिशातल्या फोनवर मराठी नीट दिसते, त्यात त्याचा वाटा आहे.

आणि नाव बघा. फारसीतलं ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, आणि ‘बाज’ म्हणजे खुलं. बहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने ‘ओपनटाइप’ या फाँटच्या तंत्राचं नाव फारसीत करून हे नाव ठेवलं. आपण मराठीत म्हणतो ना, “त्याने हरफही काढला नाही”? तोच हा हर्फ. अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे येतं तर यंत्राला.”

आता तिसरी अडचण. ही सांगताना अजूनही लाज वाटते.

तोपर्यंत मला थोडी मस्ती आली होती. तयार मिळणारा कर्नल चालू होता, सगळं ठीक होतं. तरी मी ठरवलं, कर्नलही आपल्या मापाचा बांधायचा. कर्नल बांधताना हजारो प्रश्नांची यादी समोर येते. प्रत्येक गोष्टीपुढे तारा लावला तर ती कर्नलच्या आत कायमची बसते. ‘एम’ लिहिलं तर ती मॉड्यूल म्हणून बाजूला राहते आणि गरज पडेल तेव्हा आत येते. वायफायच्या ड्रायव्हरपुढे मी तारा लावला. मनात विचार असा की आत बसलेलं जास्त पक्कं. शिवाय बूटची जागा भरत आली होती म्हणून जुना कर्नल पुसून टाकला.

रात्री नऊ वाजता लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सगळं आलं. वायफाय नाही.

आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. फोनवर ते संकेतस्थळ उघडायचं, पण कागदपत्रं जोडायच्या पानावर अडकायचं. फोन केबलने जोडून नेट घ्यावं, तर त्याचाही ड्रायव्हर मी ‘नको’ म्हणून वगळलेला. आणि परतायला जुना कर्नल नाही.

मी काय केलं? फोनवर शोधून एकामागून एक आज्ञा टाइप करत सुटले. कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलंय म्हणून ही, कुणीतरी लिहिलंय म्हणून ती. दीड तासात पंधरा गोष्टी बदलल्या. त्यातली कुठली काय करते ते मला माहीत नव्हतं. अब्बांच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला असता.

बहीण शेजारी बसून होती. ती रडत नव्हती, चिडतही नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटत होतं. ती नुसती पडदा बघत होती. मग तिने बोट ठेवलं आणि विचारलं, “आपा, ही ओळ पुन्हा पुन्हा येते. मायनस दोन म्हणजे काय?”

ओळ अशी होती, ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अमुक फाइलसाठी ‘फेल्ड विथ एरर मायनस दोन’. मी ती वीसेक वेळा पाहिली होती. वाचली एकदाही नव्हती.

मायनस दोन म्हणजे काय, याचं उत्तर शोधायला नेटही लागलं नाही. कंपाइल करणारी यंत्रणा असल्यामुळे चुकांच्या क्रमांकांची यादी आमच्या लॅपटॉपवरच होती. हेडर फाइल उघडली. दोन नंबर, ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’.

एवढंच. ड्रायव्हर बिघडला नव्हता, वायफायचं कार्ड जळलं नव्हतं. तो म्हणत होता, मला एक फाइल हवी आहे आणि ती सापडत नाही. फर्मवेअर म्हणजे त्या कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो ड्रायव्हरने सुरुवातीला कार्डाला द्यायचा असतो.

मी फोल्डरमध्ये बघितलं. फाइल तर तिथे होती! मग नाही का म्हणतो? डी-मेसेजच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक आकडा असतो, सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले त्याचा. आम्ही दोघींनी ते आकडे वाचत खाली जायला सुरुवात केली. ड्रायव्हरने फाइल मागितली, त्यानंतर डिस्क उघडली गेली. आधी मागणी, मग कोठाराचं दार. ड्रायव्हर कर्नलच्या आत बसलेला होता म्हणून तो फार लवकर जागा झाला, तेव्हा डिस्कच जोडलेली नव्हती. त्याच्या दृष्टीने फाइल खरोखरच नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. मीच त्याला चुकीच्या वेळी उठवलं होतं.

पंधरा बदल होते ते सगळे मागे घेतले. मग एकच बदल केला. तारा काढून ‘एम’ लिहिलं. कर्नलचा सोर्स घरातच होता, कंपाइलर घरातच होता. वीस मिनिटांत नवा कर्नल तयार झाला. या वेळी जुना पुसला नाही. रात्री साडेबाराला वायफाय आलं. सकाळी सातला अर्ज गेला.

सकाळी अब्बांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, “किती गोष्टी एकदम बदलल्यास?” मी म्हटलं, पंधरा. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि सूत व्यापाऱ्याने दिलेली एक कोरी डायरी आणून दिली. त्यांच्या स्वतःच्या अशा डायऱ्या होत्या. माग क्रमांक अमुक, तारीख अमुक, काय बदललं, त्याने काय झालं. मला ते माहीतच नव्हतं. जॉबरचं ज्ञान त्याच्या हातात असतं असं मी समजत होते. ते वहीतही होतं.

मित्रमैत्रिणींनो, मी आज एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. मुलं येऊन सांगतात, “मॅडम, एरर आला.” मी विचारते, काय आला? ते म्हणतात, “माहीत नाही, बंद करून टाकला.” मी त्यांना हसत नाही. मीही चार वेळा न वाचता तेच काम पुन्हा सुरू केलं होतं. आपल्याला एक सवय लागलेली असते. लाल अक्षर दिसलं की वाटतं, हे आपल्याला रागावतंय. आपण मान खाली घालतो. नाहीतर समजतो की हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, हे मोठ्या शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांचं. पण ती ओळ लिहिणाऱ्याने ती कुणाला रागवायला लिहिलेली नसते. जे घडलं ते त्याने लिहून ठेवलेलं असतं, पुढचा माणूस वाचेल म्हणून. पुढचा माणूस आपण असतो.

म्हणून माझ्या डायरीत पहिल्या पानावर जे लिहिलंय ते सांगते. पहिली चूक शोधा, शेवटची नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी जुनी फाइल जपून ठेवा आणि चालणारा जुना कर्नल कधीही पुसू नका. काय केलं ते तारखेसह लिहा. पोर्टेजला ‘आस्क’ म्हणून सांगा, म्हणजे तो आधी यादी दाखवतो. ती यादी वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. सेटिंगच्या फाइलींमध्ये नवे बदल आले की ‘डिस्पॅच-कॉन्फ’ जुन्या आणि नव्यातला फरक दाखवतो. कंटाळून सगळ्याला होकार देऊ नका. आणि कुणाला मदत मागायची असेल तर ‘चालत नाही’ असं म्हणू नका. कुठली ओळ आली ती जशीच्या तशी द्या.

आता इशारेही देते. घरात एकच संगणक असेल आणि त्यावर कुणाचा अर्ज, कुणाची परीक्षा अवलंबून असेल, तर त्यावर हे प्रयोग करू नका. मी केले, ते चुकीचं होतं. जुना, टाकाऊ लॅपटॉप घ्या, किंवा चालू यंत्रणेच्या आत आभासी मशिन करून शिका. सगळंच स्वतः कंपाइल करायचा हट्टही धरू नका. फायरफॉक्सचं तयार पॅकेज जेंटूत फार पूर्वीपासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच हजारो तयार पॅकेजं देते. घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. आणि सगळं उघडता येतं असंही समजू नका. त्या रात्री जी फर्मवेअरची फाइल हवी होती, तिचा सोर्स कुणालाच वाचायला मिळत नाही. ती कंपनीने बंद पेटीसारखी दिलेली असते. कुठे वाचता येतं आणि कुठे वाचू दिलं जात नाही, हे कळणं हेसुद्धा शिक्षणच आहे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, ती याच हक्कासाठी. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो वाचता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केली. हे सगळं आज तुमच्या-माझ्यासाठी फुकट पडलेलं आहे. पण हक्क कागदावर असून चालत नाही. कुणीतरी बोट ठेवून विचारावं लागतं, ही ओळ काय म्हणते?

आमच्या घरी ते बोट माझ्या बहिणीने ठेवलं. तिला तेव्हा लिनक्समधलं काहीही येत नव्हतं. म्हणूनच बहुधा तिला विचारायची लाज वाटली नाही.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. दोन जुने लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह आणले आहेत. एकात मी मुद्दाम एक बिघाड करून ठेवलाय. वायफायचा नाही, दुसराच. या, बघू कोण आधी वाचतं.